नोकरी, बारावीचं गणित आणि लवकर बंद होणारं वाचनालय

नोकरी करत बारावीच्या गणिताची परीक्षा देणाऱ्याला आपण सगळे एकच सल्ला देतो, "थोडा वेळ काढ की!" सल्ला चांगल्या मनानं दिलेला असतो, पण नुसत्या वेळानं गणित सुटत नाही.

आधी ही मंडळी कोण ते बघू. आपल्या बेळगावात उद्यमबागेतल्या कारखान्यांत, दुकानांत, ऑफिसांत काम करणारी कितीतरी मुलंमुली कॉमर्स नाहीतर आर्ट्स करून बाहेर पडलेली आहेत. पुढं एमसीए करायचं म्हटलं की बऱ्याच ठिकाणी बारावीला किंवा पदवीला गणित असण्याची अट आडवी येते. मग एनआयओएसचा मार्ग उरतो. १९८९ साली सुरू झालेल्या या मुक्त शाळेत एकेक विषय देता येतो, परीक्षा वर्षातून दोनदा होते. दार उघडं आहे. अडतं ते आत गेल्यावर.

इतिहासाचा एक धडा राहिला तरी पुढचा वाचता येतो. गणितात तसं चालत नाही. त्रिकोणमिती कच्ची असेल तर डेरिव्हेटिव्ह अडतं, ते अडलं की इंटिग्रेशन. सेकंड शिफ्टमध्ये आठवडा गेला की पुन्हा मागं जावं लागतं. बसमध्ये सूत्रं पाठ होतील, पण गणित सोडवायला टेबल, कागद आणि न दमलेलं डोकं लागतं. म्हणून रविवारच्या सलग सहा तासांपेक्षा रोज कामावर जाण्याआधीचा अर्धा तास मला मोलाचा वाटतो.

एकट्यानं करण्यालाही मर्यादा आहे. इंटिग्रेशनचं उत्तर बरोबर की चूक, हे त्याचं डेरिव्हेटिव्ह घेऊन स्वतःच तपासता येतं. प्रोबॅबिलिटीत ही सोय नाही. ५२ पत्त्यांतून एकामागून एक दोन पत्ते काढले, पहिला परत ठेवला नाही, तर दोन्ही एक्के येण्याची शक्यता किती? कुणी ४/५२ ला ४/५२ नं गुणून १/१६९ लिहितो आणि पुढं जातो. खरं उत्तर १/२२१. "अरे, पहिला एक्का गेल्यावर ५१ पत्त्यांत तीनच उरले ना?" एवढंच सांगायला शेजारी कुणीतरी हवं. काम अर्ध्या मिनिटाचं, पण ते कुणी न केल्यानं माणूस महिनाभर चुकीची पद्धत गिरवत बसतो.

इथं आपलं कॉलेज उपयोगी पडेल. ही मंडळी कामावरून सुटतात तेव्हा वाचनालयाला कुलूप लागलेलं असतं. आठवड्यातून दोन दिवस ते रात्री आठपर्यंत उघडं ठेवावं, आणि बीएस्सीच्या मुलांनी आळीपाळीनं तासभर तिथं बसावं. पुस्तक इंग्रजी असलं तरी शंका मराठीत विचारता यावी.

"हे साहित्य मंडळाचं काम काय?" असं कुणी म्हणेल. नोकरी लागल्यावर मंडळाचे कितीतरी सभासद कार्यक्रमांना यायचे बंद झाले. त्यांना परत आणणं हे तरी मंडळाचंच काम आहे. तेव्हा पुढच्या बैठकीत ठराव करून फादर प्रिन्सिपलांकडे अर्ज नेऊया. बसणार कोण, हा प्रश्न निघेलच. बुधवारी माझं नाव लिहा.