सर्व्हर दुसरीकडे चालतो का, ते आधी दाखवा

ब्रॉडकॉम या अमेरिकी कंपनीने नोव्हेंबर २०२३मध्ये आभासी संगणक चालवणारे सॉफ्टवेअर बनवणारी व्हीएमवेअर ही कंपनी ताब्यात घेतली आणि पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबवली. एकरकमी पैसे मोजून सॉफ्टवेअर घ्यायची सोय संपली, वर्गणी सुरू झाली. जुना परवाना असलेल्यांना सॉफ्टवेअर वापरता येते, पण त्याच्या सपोर्टचे नूतनीकरण वर्गणीशिवाय होत नाही. ही बातमी बड्या कंपन्यांपुरती वाटली, तरी तिच्यातला धडा वसई पूर्वेच्या वालीव, गोखिवरे, सातिवलीतल्या गाळ्यांनाही लागू आहे. लहान कारखान्यातही एकाच सर्व्हरवर दोन-तीन संगणक नांदू शकतात: एकात हिशेब, दुसऱ्यात मालाचा साठा, तिसऱ्यात हजेरी. हे संगणक आभासी असतात. प्रत्येकाची डिस्क म्हणजे सर्व्हरवरची एक मोठी फाइल, आणि हायपरवायझर नावाचे सॉफ्टवेअर त्या फाइलवर यंत्र चालवते. काही पुरवठादार तर सगळी यंत्रणा अशा तयार फाइलमध्ये भरूनच हाती देतात. उद्या हायपरवायझरचा भाव वाढला, कंपनी विकली गेली किंवा पुरवठादाराने गाशा गुंडाळला, तर ती फाइल दुसऱ्या हायपरवायझरवर चालेल का? ज्याच्या पैशाने यंत्रणा उभी राहिली, त्याला ती दुसरीकडे नेता आलीच पाहिजे. आणि नेता येते की नाही, हे करारातल्या वाक्यावर न सोडता दरवर्षी प्रत्यक्ष चालवून पाहिले पाहिजे.

करारावर विसंबून का चालत नाही, ते तपशिलात गेल्यावर कळते. व्हीएमवेअर डिस्क व्हीएमडीके प्रकारात ठेवते, मायक्रोसॉफ्टचे हायपर-व्ही व्हीएचडीएक्समध्ये, तर लिनक्समधल्या केव्हीएमसाठी क्यूकाऊ-२ हा प्रकार रुळला आहे. यांच्यात देवाणघेवाण व्हावी म्हणून व्हीएमवेअर, मायक्रोसॉफ्ट, डेल, एचपी, आयबीएम आणि झेनसोर्स यांनी मिळून २००७मध्ये ओव्हीएफ हे सामाईक मानक पुढे मांडले; २०११मध्ये ते आयएसओचे मानकही झाले. तेव्हा ‘आमची यंत्रणा ओव्हीएफमध्ये आहे’ असे पुरवठादार म्हणतो, त्यात खोटे काही नसते. पण त्यातली यंत्राचे वर्णन करणारी साधी मजकुराची फाइल उघडावी, तर यंत्राचा प्रकार म्हणून ‘व्हीएमएक्स-१३’ असे काहीतरी लिहिलेले सापडते. वेष्टन सामाईक, आतले यंत्र मात्र व्हीएमवेअरच्याच घडणीचे. डिस्कची फाइल एका प्रकारातून दुसऱ्यात बदलणे हे त्या मानाने सोपे काम. क्यूईएमयूच्या मोफत साधनाला एका ओळीची आज्ञा दिली की होते. गाडी अडते ती पुढे. आतल्या विंडोजमध्ये नव्या डिस्क कंट्रोलरचा ड्रायव्हर नसेल, तर ‘इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ अशी निळी स्क्रीन येते आणि काम तिथेच थांबते. लिनक्स सुरू होते, पण व्हीएमवेअरवर ज्या नेटवर्क कार्डाचे नाव ईएनएस१९२ होते, ते केव्हीएमवर आधारलेल्या प्रॉक्समॉक्सवर ईएनएस१८ होऊन बसते. आयपी अॅड्रेस जुन्या नावाला बांधलेला, त्यामुळे यंत्र चालू असूनही नेटवर्कवर कुणाला सापडत नाही. साचलेले स्नॅपशॉट, बायोस आणि यूईएफआय यांतला फरक, मॅक अॅड्रेसला जखडलेला परवाना, यांतले काहीही ऐनवेळी आडवे येऊ शकते. बहुतेक अडचणींवर तोडगा आहे. व्हर्टआयओचे ड्रायव्हर आधीच घालून ठेवता येतात, स्नॅपशॉट एकत्र करता येतात, आणि व्हर्ट-व्ही२व्ही हे साधन त्यातले बरेच काम आपोआप उरकते. पण हे सारे जुने यंत्र शाबूत असताना सोपे. ते बंद पडल्यावर तेच काम कामगारांचा पगार अडवून बसते.

मराठीने हा अनुभव एकदा घेतला आहे. युनिकोड रुळण्याआधी श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा प्रणालींनी देवनागरी मजकूर आपापल्या संकेतांत साठवला. इस्की हे भारतीय मानक १९९१मध्ये ठरले होते आणि युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षी आली. तरीही छापखान्यांत आणि कचेऱ्यांत पुढे कित्येक वर्षे त्या-त्या फाँटातच मजकूर साचत राहिला, कारण कागदावर अक्षर नीट उमटते एवढेच पाहिले गेले. तो फाँट नसलेल्या संगणकावर जुनी फाइल उघडली की समोर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला येतो. रूपांतराची साधने निघाली, पण जोडाक्षरे आणि रफार तपासायला माणूस बसवावा लागतोच. मानक अस्तित्वात असणे पुरेसे ठरले नाही. आपली फाइल दुसरीकडे उघडते का, हे वेळेवर कुणी पाहिले नाही आणि त्याची किंमत पुढच्यांनी मोजली.

यावरचा वजनदार आक्षेप असा की, अख्खे यंत्र उचलून न्यायचेच कशाला? डेटा बाहेर काढावा, नव्या यंत्रावर सॉफ्टवेअर टाकावे आणि त्यात तो भरावा. जिथे हे जमते तिथे हाच मार्ग चांगला. जुन्या यंत्राचे दोष सोबत येत नाहीत. पण तयार यंत्रणेत डेटाबेसचा पासवर्डच गिऱ्हाइकाकडे नसेल, ती बसवणारा तंत्रज्ञ नोकरी सोडून गेला असेल आणि जुन्या आवृत्तीचा इन्स्टॉलर मिळत नसेल, तर चालत्या यंत्राची फाइल हाच एकमेव आधार उरतो. दुसरे म्हणणे असे की आता सगळे क्लाऊडवर जाणार, मग ही चिंता कशाला? पण क्लाऊडवरचे आभासी यंत्रही हायपरवायझरवरच चालते, आणि तिथून बाहेर पडणे इतके अवघड असते की युरोपीय संघाला त्यासाठी कायदा करावा लागला. पुरवठादार बदलण्याचा ग्राहकाचा हक्क सांगणारा त्यांचा डेटा कायदा १२ सप्टेंबर २०२५पासून लागू झाला. राहिला खर्च. केव्हीएम आणि प्रॉक्समॉक्स परवान्याचे पैसे न भरता वापरता येतात. चाचणीपुरता पुरेशी मेमरी असलेला एक जादा संगणक आणि जाणत्या तंत्रज्ञाचा थोडा वेळ लागतो. ‘दुसऱ्या हायपरवायझरवर आम्ही सपोर्ट देणार नाही’ असे पुरवठादार म्हणेल, तेही मान्य करावे. रोजचे काम तिथे चालवायचे नाहीच. गरज पडली तर चालवता येईल, एवढी खात्री हवी आहे.

सार्वजनिक संस्थांच्या बाबतीत तर ही खात्री मागणे कर्तव्यच आहे. वसई-विरार महापालिका ३ जुलै २००९ रोजी वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि आसपासची गावे मिळून झाली. घरपट्टीचे, पाणीपट्टीचे, जन्म-मृत्यूच्या नोंदींचे आयुष्य कोणत्याही कंत्राटापेक्षा मोठे असते. कंत्राटदार बदलला म्हणून नागरिकाचा दाखला अडता कामा नये. जुलै २०१८च्या पावसात इथली रेल्वे बंद पडली, अनेक भागांतली वीज गेली, मिठागराच्या वस्तीत शेकडो माणसे अडकली. तसा प्रसंग पुन्हा आला तर दुसऱ्या शहरात मिळेल त्या सर्व्हरवर यंत्रणा उभी करता आली पाहिजे. धोरणाचा आधारही आहे. ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण केंद्राने २०१०मध्येच जाहीर केले. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२३च्या निर्देशांत बँकांना, त्यांत हजार कोटींवर ठेवी असलेल्या नागरी सहकारी बँकांनाही, आयटी सेवा बाहेरून घेताना त्यातून बाहेर पडण्याची योजना तयार ठेवायला सांगितले. बॅसीन कॅथॉलिकसारखी सहकारी बँक १९१८पासून ज्या गावात आहे, तिथे ही शिस्त बँकांपुरती राहू नये.

म्हणून महापालिकेच्या प्रत्येक निविदेत तीन अटी स्पष्ट असाव्यात: यंत्राची फाइल खुल्या प्रकारात आणि तपासणी-बेरजेसह (चेकसम) महापालिकेच्या ताब्यात असावी, प्रशासकाचे पासवर्ड आणि परवाने महापालिकेच्या नावे असावेत, आणि वर्षातून एकदा ते यंत्र दुसऱ्या कंपनीच्या हायपरवायझरवर सुरू करून, एक घरपट्टीची पावती काढून दाखवावी. तोवर देखभालीचा शेवटचा हप्ता देऊ नये. वालीवच्या कारखानदारानेही वार्षिक देखभालीच्या कराराच्या (एएमसी) कागदावर सही करण्याआधी हीच मागणी करावी. जो पुरवठादार आपल्या कामाच्या बळावर गिऱ्हाईक टिकवतो, त्याला या चाचणीची भीती वाटण्याचे कारण नाही.