दोरी काम काय करते?

मागच्या ईदला भाचा आमच्याकडे नेरुळला आला, तो मनगटावर एक जाडसर विणलेला पट्टा घालून. काळा आणि खाकी. "मामू, ही पॅराकॉर्ड आहे. जंगलात अडकलात तर उसवायची, आठ-दहा फूट दोरी हाताशी येते." हा मुलगा खारघरला राहतो, कॉलेजला जातो, आणि जंगलात अडकण्याची त्याची शक्यता माझ्याइतकीच आहे. अब्बांनी पट्टा हातात घेतला, चष्मा कपाळावर चढवून गाठी पाहिल्या, नखानं दाबून पाहिल्या. मग म्हणाले, "विणलंय चांगलं. पण ही दोरी काम काय करते?"

भाच्याला उत्तर सुचलं नाही. मलाही सुचलं नाही, पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही.

अब्बांनी चौतीस वर्षं मालवाहू जहाजांवर काढली, डेकवर. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या खाडीकाठच्या गावात मुसलमानांच्या जवळजवळ प्रत्येक घरातला एक तरी माणूस जहाजावर असायचा. सारंग, नाखवा ही आपल्यातली आडनावं त्याच कामातून आलेली. सारंग म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. या माणसांशी इंग्रज अधिकाऱ्यांना बोलता यावं म्हणून थॉमस रोबक नावाच्या अधिकाऱ्यानं 1811 मध्ये जहाजावरच्या हिंदुस्तानीचा शब्दकोश छापला होता. फार लांब जायला नको, आपल्या उलव्याशेजारच्या न्हाव्याला 'टी. एस. रहमान' ही खलाशी घडवणारी संस्था 1910 पासून उभी आहे. थोडक्यात, गाठ मारणं ही आमच्या घरातली विद्या होती. ती आम्ही कुठे ठेवली, हा या लेखाचा विषय आहे.

सुट्टीवर येताना अब्बा जहाजावरच्या जुन्या दोरखंडांचे तुकडे आणायचे. त्यातून दाराबाहेरचं पायपुसणं व्हायचं, असं घट्ट की नारळ आपटला तरी दबणार नाही. कांदे-लसणाचं शिंकं व्हायचं. पाण्याच्या बाटलीला जाळी, अम्मीच्या बाजारच्या पिशवीला नवे बंद, पाळण्याच्या दोऱ्या. 1992 साली आम्ही गाव सोडून नेरुळला आलो. सिडकोची इमारत, दुसरा मजला, शेजारी बँकेतले आणि शाळेतले लोक. पहिल्याच महिन्यात मी ते पायपुसणं जिन्याखालच्या कचऱ्यात टाकलं आणि सेक्टरच्या बाजारातून 'वेलकम' लिहिलेलं आणलं. तेव्हा मी नववीत होतो. शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय 'मर्चंट नेव्ही' असा लिहायचो. खोटं नव्हतं ते. पण खलाशी हा शब्द मी टाळत होतो आणि का टाळतोय ते मला नीट ठाऊक होतं. अब्बा सुट्टीवर आले, नव्या पायपुसण्यावर पाय पुसले आणि आत आले. काही बोलले नाहीत.

आता तीच दोरी घरात परत येतेय, रंगीत बंडलात, कुरिअरनं. पॅराकॉर्ड म्हणजे पॅराशूटची दोरी. नायलॉनचा शोध अमेरिकेत 1935 साली लागला आणि दुसऱ्या महायुद्धात रेशमाची जागा नायलॉननं घेतली. जमिनीवर उतरलेले सैनिक पॅराशूटच्या दोऱ्या कापून जवळ ठेवायचे आणि सामान बांधण्यापासून तंबू ताणण्यापर्यंत वापरायचे. तिची रचना साधी आहे: वर विणलेलं कवच, आत सात ते नऊ पिळाचे धागे. '550' असं जे लिहिलेलं असतं ते पौंडांत, म्हणजे सुमारे अडीचशे किलो वजनाला ती तुटू नये अशी अपेक्षा. फेब्रुवारी 1997 मध्ये हबल दुर्बिणीचं फाटलेलं वेष्टन सांधायला अंतराळवीरांनी हाताशी असलेल्या सामानात हीच दोरी वापरली. म्हणजे जन्मापासून ही दोरी कामाची. तिचा दागिना झाला तो नंतर.

छंदाला माझा विरोध नाही. पोरं मोबाईल खाली ठेवून दोन तास गाठी मारतात, याचा मला आनंदच आहे. पण एक गोष्ट खटकते. दोर वळणं हे महाराष्ट्रात मातंग समाजाचं काम मानलं गेलं. अंबाडीचा वाख काढून त्याचं दावं, कासरा, चऱ्हाट, नाडा त्यांनी वळायचा, सगळ्या गावाची शेती आणि विहीर त्या दोरावर चालायची, आणि वळणाऱ्याला वर्षाचं बलुतं आणि गावाबाहेरचं घर. तेच हातकाम इंग्रजी नाव घेऊन आलं की त्याची कार्यशाळा होते आणि प्रवेश फी लागते. आपण मुसलमान या बाबतीत वेगळे आहोत असं म्हणायची सोय नाही. दोरी घ्यावी, मोळी बांधून पाठीवर आणावी, विकावी, ते लोकांपुढे हात पसरण्यापेक्षा बरं, या अर्थाची बुखारीतली हदीस जुम्याच्या बयानात कितीदा ऐकलीय. ऐकताना आपण माना डोलावतो. घरी येऊन मोळीवाल्याच्या घरी मुलगी द्यायची वेळ आली की बिरादरी आठवते. पिंजारी, कसाई, खलाशी: ही नावं आपणच आवाज खाली आणून घेतो. नववीतला मी काही आकाशातून पडलो नव्हतो.

मॅक्रमेचंही तसंच. ऐंशीच्या दशकात घरोघरी कुंड्यांची शिंकी आणि घुबडं टांगलेली असायची, त्याला विलायती कला म्हणायचे. शब्दकोश त्या शब्दाचं मूळ तुर्कीमार्गे अरबी 'मिक्रमा'पर्यंत नेतात. आणि आमच्या नानीचं शिंकं? त्याला कुणी कला म्हटलं नाही, कारण त्यात दुधाचं भांडं होतं.

तर, दोरी काम काय करते? गेल्या काही महिन्यांत घरात करून पाहिलं तेवढंच सांगतो.

नवी मुंबईच्या फ्लॅटमध्ये गॅलरीच्या छताला कपडे वाळत घालायच्या काठ्या असतात, दोरी ओढून वर-खाली करायच्या. त्यांच्यासोबत येणारी स्वस्त दोरी प्लॅस्टिकच्या चाकावर घासून वर्ष-दोन वर्षांत तुटते, आणि तुटते ती नेमकी ओल्या चादरी वर असताना. तिथे चार मिलिमीटरची पॅराकॉर्ड घाला. दुकानदाराला मात्र विचारा, नायलॉन की पॉलिस्टर. नायलॉन ताणलं जातं आणि पाणी पितं, म्हणून ओल्या कपड्यांखाली झोळ पडतो. या कामाला पॉलिस्टर बरं. उलट जिथे झटका बसतो, म्हणजे स्कूटरवर गॅसची शेगडी बांधून न्यायची असेल तर, नायलॉनचा ताण उपयोगी पडतो. उन्हात दोन्ही हळूहळू कमजोर होतात, म्हणून गॅलरीतली दोरी वर्षाला एकदा बोटांनी चाचपायची. कवच केसाळ झालं की बदलायची.

पिशवीचे तुटलेले बंद, प्रेशर कुकरच्या डब्यांना उचलायची मूठ (आतले धागे काढलेलं नुसतं कवच नको, शिवाय गरम भांड्याला नायलॉन लावायचंच नाही, हे आम्ही एक मूठ वितळवून शिकलो), सुटकेसच्या चेनची ओढणी, माळ्यावरच्या गाद्या बांधायला पट्टा. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, पण नायलॉनच्या दोरीत सुंभही राहत नाही आणि पीळही. टोकं मेणबत्तीवर वितळवून बंद करायची असतात तेव्हा पोरांना लांब बसवा. तो थेंब कातडीला चिकटतो. आणि या दोरीवर माणूस टांगायचा नाही. झोपाळा नाही, पाळणा नाही. अडीचशे किलोचा आकडा स्थिर वजनाचा आहे, उडी मारणाऱ्या पोराचा नाही. शिवाय गाठ मारली की दोरीची ताकद कमी होते, हे पाकिटावर कुणी लिहीत नाही.

अब्बा म्हणतात, घराला चार गाठी पुरतात. एक सुरगाठ, ओढली की सुटणारी. एक निरगाठ, जी सोडायची नाही तिथेच मारायची. एक खांबाला वेढा घालून बसणारी. आणि एक फास, ताण आला तरी न आवळणारा आणि काम झाल्यावर बोटानं सुटणारा. बोटी या शेवटच्या गाठीवर बांधल्या जातात. भाच्याला पट्ट्याची वीण येत होती, या चारपैकी एकही येत नव्हती. त्यानं विणलं ते बघून बघून. हातानं शिकवणारा माणूस घरातच होता, आणि त्याला कुणी विचारलं नव्हतं. मी तर तीस वर्षं विचारलं नव्हतं.

मग मी माळ्यावरून लोखंडी पाइपची जुनी खुर्ची काढली. तिची प्लॅस्टिकच्या वायरची बैठक कधीचीच फाटली होती आणि मी ती दोनदा भंगारवाल्याला द्यायला निघालो होतो. मस्जिद बंदरहून तीस मीटरची तीन बंडलं आणली. त्या पैशात प्लॅस्टिकची नवी खुर्ची आली असती, हे अम्मीनं मला लगेच सांगितलं. हिशेब तिचा बरोबर आहे. दोन रविवार लागले. अब्बा पलंगावर बसून सांगत होते, भाचा जमिनीवर बसून ओढत होता. उभे वेढे झाले, आडवे अर्ध्यापर्यंत आले, तेव्हा अब्बांनी पुढे वाकून मधली एक दोरी बोटानं उचलली. ती वर आली.

"ढिलं आहे. उसव."

"कुठपर्यंत, नाना?"

"पहिल्या वेढ्यापर्यंत."

भाच्यानं माझ्याकडे पाहिलं, मी खिडकीबाहेर. त्यानं मनगटातला पट्टा काढून खिशात ठेवला, कारण तो दर वेळी दोरीत अडकत होता, आणि उसवायला बसला.