चेटकिणीचे वकीलपत्र

युरोपीय परीकथांच्या पुनर्कथनाचे गेल्या पन्नास वर्षांत जे अमाप पीक आले आहे, त्याविषयी एक समजूत आता जवळजवळ सिद्धान्ताच्या थाटात मांडली जाते. जुन्या परीकथा भाबड्या होत्या, सरळसोट होत्या, पुरुषसत्तेची भलामण करणाऱ्या होत्या. आधुनिक लेखकाने त्यांना गुंतागुंत दिली, दुष्टांनाही मन असते हे दाखवले, म्हणून हे पुनर्कथन अधिक प्रौढ आणि अधिक न्याय्य आहे, अशी ही समजूत आहे. प्रस्तुत लेखाचा रोख तिच्यावर आहे. पुनर्कथन हा परीकथेवरील अत्याचार आहे, असे मला मुळीच म्हणायचे नाही. पुनर्कथनावाचून परीकथा कधी अस्तित्वातच नव्हती. माझा आक्षेप पुनर्कथनाच्या एका विशिष्ट आणि आज सर्वांत लोकप्रिय असलेल्या प्रकाराला आहे. हा प्रकार खलनायिकेचे वकीलपत्र घेतो. आणि ज्या दुबळ्या श्रोत्याला कथेने आजवर आधार दिला, त्याची फिर्याद निकालात काढतो.

प्रथम हे पाहिले पाहिजे की, ज्या ‘मूळ’ कथेशी हे लेखक भांडतात ती कोणती. राजपुत्राच्या चुंबनाची वाट पाहत निपचित पडलेली नायिका हे त्यांचे आवडते लक्ष्य. परंतु ग्रिम बंधूंच्या संग्रहातील हिमगौरी चुंबनाने उठत नाही. शवपेटी वाहून नेणारे नोकर ठेचकाळतात, हिसका बसतो आणि घशात अडकलेला सफरचंदाचा तुकडा बाहेर पडतो. तिला चुंबनाने उठवले ते वॉल्ट डिस्नेच्या १९३७ च्या चित्रपटाने. शार्ल पेरोच्या १६९७ च्या संग्रहातील निद्रिस्त राजकन्येपुढे राजपुत्र केवळ गुडघे टेकतो. शापाची मुदत भरल्यामुळे ती आपोआप जागी होते. चुंबन येते ते ग्रिमच्या पाठात. बेडकाच्या कथेत तर ग्रिमची राजकन्या संतापून बेडकाला भिंतीवर आपटते आणि त्या आपटण्यानेच तो राजपुत्र होतो. अशा मुलीला नव्याने बंडखोर करण्याची गरज कोणाला भासावी? ज्याने कथा वाचलेली नाही, चित्रपट तेवढा पाहिला आहे, त्यालाच.

लाल टोपीवाल्या मुलीचीही तीच गत आहे. पेरोच्या कथेत लांडगा तिला खाऊन टाकतो आणि कथा तेथेच संपते. ग्रिमच्या कथेत शिकारी येऊन तिला सोडवतो. या दोन पाठांवर वाढलेल्या आधुनिक लेखकाला वाटते की, स्वतःच्या अकलेने सुटणारी मुलगी ही आपली देणगी आहे. प्रत्यक्षात फ्रान्सच्या निव्हेर्ने प्रांतात १८८५ च्या सुमारास एक मौखिक पाठ नोंदला गेला आणि पुढे पोल दलारू यांनी तो प्रसिद्ध केला. त्यात मुलगी बाहेर जाण्याचा बहाणा करते, पायाला बांधलेली दोरी अंगणातल्या आलुबुखाराच्या झाडाला बांधते आणि पळून जाते. तिला शिकारी लागत नाही आणि कोणाचे तात्पर्यही लागत नाही. मौखिक परंपरेला जे ठाऊक होते ते छापील ग्रंथांनी पुसले. आणि आता त्या पुसण्याचा दोष मात्र परंपरेच्या माथी मारला जातो.

हे पुसणे कोणाच्या सोयीसाठी झाले, हा कळीचा प्रश्न आहे. ग्रिम बंधूंच्या संग्रहाचा पहिला खंड १८१२ मध्ये निघाला आणि १८५७ पर्यंत त्याच्या सात मोठ्या आवृत्त्या झाल्या. पहिल्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठणारी स्त्री ही तिची सख्खी आई आहे. १८१९ च्या आवृत्तीत ती सावत्र आई झाली. हान्सेल आणि ग्रेटेल यांना दुष्काळात रानात सोडून द्यावे, असे सुचवणारीही प्रथम त्यांची आईच होती. १८४० च्या आवृत्तीत तिचीही सावत्र आई करण्यात आली. पुढील आवृत्त्यांवर मुख्यतः विल्हेल्म ग्रिम यांनी हात फिरवला. हा संग्रह आता मध्यमवर्गीय घरांतून मुलांना वाचून दाखवला जाणार होता; आणि त्या घरांत मातृत्वाच्या पावित्र्याला धक्का लागणे परवडणारे नव्हते. सख्ख्या आईकडूनही मुलाच्या जिवाला भय असू शकते, हे जे कथा निःशंकपणे सांगत होती, ते संपादकाने नाहीसे केले. वडीलधाऱ्यांच्या बाजूने कथेत घातलेली ही पहिली मोठी दुरुस्ती होय.

याचेही समर्थन झाले आहे. आईच्या प्रतिमेची अशी फाळणी केल्यामुळे मुलाला चांगली आई मनात जपता येते आणि वाईट आईवर निर्धोकपणे रागावता येते, असा युक्तिवाद ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९७६ मध्ये केला. तो मान्य केला, तरी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. त्या फाळणीत मुलाचा राग शाबूत राहतो; त्याचे नाव आणि पत्ता तेवढा बदलतो. आजचे पुनर्कथन त्या रागालाच हात घालते.

२०१४ चा ‘मॅलेफिसंट’ हा चित्रपट या प्रकाराचा ठळक नमुना आहे. निद्रिस्त राजकन्येला शाप देणारी परी येथे नायिका होते. जिच्यावर प्रेम केले त्या पुरुषाने राज्यलोभाने तिचे पंख कापून नेले, म्हणून तिने त्याच्या तान्ह्या मुलीला शाप दिला. पुढे त्याच मुलीवर तिची माया जडली आणि अखेर तिच्याच चुंबनाने शाप उतरला. पंख कापले जाण्याचा प्रसंग हेलावून टाकणारा आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु जुन्या कथेत शापाला कारण नव्हते काय? होते. ग्रिमच्या राजाकडे सोन्याची ताटे बारा आणि राज्यात शहाण्या स्त्रिया तेरा. म्हणून एकीला बोलावणे गेले नाही. पेरोने सोन्याचे डबे सातच घडवून घेतले. म्हातारी आठवी परी आयत्या वेळी आली आणि तिला आपला अपमान झालासा वाटला. कारण एका वाक्यात आले, आणि ते सामाजिक होते: ताट मोजून मान देणाऱ्या दरबारात अपमान अटळ असतो. चित्रपटाने दीड तास खर्चून त्या जागी प्रेमभंग आणून ठेवला. आणि ज्या तान्ह्या मुलीचा काहीही अपराध नव्हता, तिची शापित सोळा वर्षे आता दुसऱ्या कोणाच्या हृदयपरिवर्तनाची सामग्री झाली. गुंतागुंत वाढली ती केवळ शाप देणारीची. शाप भोगणारी पूर्वीपेक्षाही पातळ झाली.

मग या पुनर्कथनांचे एवढे आकर्षण का? एक कारण सरळ आहे. ती वाचकाला खूश करतात. इतकी शतके लोक फसले, तू मात्र फसला नाहीस, असे ती त्याच्या कानात सांगतात. दुसरे कारण अधिक खोल आहे. ज्याने ही कथा लहानपणी ऐकली तो आता मोठा झाला आहे. त्याच्या हातून मुलांवर, हाताखालच्या माणसांवर कधी ना कधी अन्याय झालेला असतो. आणि आपल्या क्रौर्यालाही एक करुण पूर्वेतिहास आहे, हे ऐकणे त्याला दिलासा देते. तिसरे कारण खरोखर आदरणीय आहे. गुन्ह्याला कारणे असतात, गुन्हेगारही माणूस असतो, हे आधुनिक विवेकाने कष्टाने मिळवलेले ज्ञान आहे.

परंतु या ज्ञानाची जागा ओळखली पाहिजे. न्यायालयात आरोपीला वकील मिळतो, कारण तेथे एकाकी आरोपीसमोर शासनाची सारी शक्ती उभी असते. परीकथेच्या घरात परिस्थिती नेमकी उलट आहे. तेथे किल्ल्या, अन्न, चूल, दार, सारे सावत्र आईच्या हाती असते. राखेत झोपणाऱ्या मुलीच्या हाती काहीच नसते. त्या घरात वकील नेमायचाच, तर तो कोणासाठी? कथा हीच त्या मुलीची वकील होती. पुरावा, साक्षी, उलटतपासणी यांवाचून तिचे म्हणणे खरे धरणारी एकमेव जागा होती. ती जागाही आता प्रतिपक्षाला दिली जात आहे.

यावर मराठी वाचक एक रास्त हरकत घेईल. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’ने १९६७ मध्ये कर्णाला बोलते केले, इरावती कर्व्यांच्या ‘युगान्त’ने महाभारतातील माणसे नव्या प्रकाशात तपासली. महाकाव्याला जे चालते ते परीकथेला का चालू नये? उत्तर वाङ्मयप्रकारांच्या भेदात आहे. महाभारतातला कर्ण मुळातच बोलतो, खंत करतो, कृष्णाशी आणि कुंतीशी वाद घालतो. नवा लेखक तेथे असलेल्या अंतरंगात उतरतो. परीकथेतील पात्रांना असे अंतरंग नसते, हे माक्स ल्यूथी यांनी १९४७ मध्ये युरोपीय लोककथेवरील आपल्या ग्रंथात साधार दाखवले आहे. तो उणेपणा नव्हे, तो त्या प्रकाराचा धर्म आहे. पात्र रिकामे असते म्हणूनच ऐकणारे मूल त्यात शिरू शकते. खलनायिकेला अंतरंग दिले आणि नायिकेला दिले नाही, की तराजू आपोआप झुकतो.

दुसरी हरकत स्त्रीवादी समीक्षेची, आणि ती अधिक वजनदार आहे. सँड्रा गिल्बर्ट आणि सुसान गुबार यांनी १९७९ मध्ये दाखवून दिले की, हिमगौरीच्या कथेतील आरशाचा आवाज हा पुरुषसत्तेचा आवाज आहे. दोन स्त्रियांना एकमेकींविरुद्ध उभे करणारा तोच आहे. हे वाचन मला पूर्णपणे मान्य आहे. पण त्यातून निघणारे पुनर्कथन कसे असते, तेही पाहावे. अ‍ॅन सेक्स्टन यांच्या १९७१ च्या ‘ट्रान्सफॉर्मेशन्स’मध्ये राणीला तापलेल्या लोखंडी जोड्यांची शिक्षा चुकत नाही, कविता फक्त एवढेच दाखवते की, शेवटी हिमगौरीही आरशाकडे वळली आहे. अँजेला कार्टर यांनी १९७७ मध्ये पेरोचा इंग्रजी अनुवाद केला आणि १९७९ मध्ये ‘द ब्लडी चेंबर’ लिहिले. पेरोने निळ्या दाढीच्या कथेला जोडलेले तात्पर्य बायकोच्या कुतूहलाला दोष देते. बायकांचा खून करणारा नवरा त्यातून सहीसलामत सुटतो. कार्टर यांनी तो दोष उचलून जेथे ठेवायला हवा तेथे ठेवला. त्यांच्या सरदाराला दुःखी बालपण मिळत नाही. पेरोच्या कथेत मुलीला भाऊ सोडवतात. येथे तिची आई घोडा दौडवत येते आणि गोळी घालते. आरोप कोणावर, हे बदलले. आरोप मात्र टिकला. पुनर्कथनाची माझी कसोटी हीच आहे.

ही कसोटी युरोपापुरती नाही. ए. के. रामानुजन यांनी कन्नडमधील ‘हंची’ ही सिंड्रेलाच्या कुळातली कथा नोंदवली आहे. सख्खा भाऊ बहिणीच्या सोनेरी केसांवर लुब्ध होतो, तेव्हा आई मुलीचा चेहरा मातीच्या मुखवट्याखाली झाकते आणि तिला घराबाहेर काढून वाचवते. भावाच्या मनात काय चालले होते याची चौकशी कथा करत नाही. जे घरात उघड बोलता येत नव्हते ते बायकांनी या मुखवट्याआडून एकमेकींना आणि मुलींना सांगितले. उद्या एखाद्या लेखकाने त्या भावाचे एकाकीपण तीनशे पानांत रंगवले, तर त्याला संवेदनशील म्हणून गौरवलेही जाईल. पण मुखवटा घालून निघालेल्या मुलीला त्या तीनशे पानांत आसरा मिळणार नाही.

म्हणून साहित्याच्या विद्यार्थ्यांकडे आणि ग्रंथालयांकडे एक मागणी करावीशी वाटते. नव्या पुनर्कथनांच्या शेजारी जुने पाठही ठेवावेत. ग्रिमच्या पहिल्या आवृत्तीचा जॅक झाइप्स यांनी केलेला संपूर्ण इंग्रजी अनुवाद २०१४ पासून उपलब्ध आहे. दोन्ही वाचताना नवा लेखक किती धीट आहे, हे विचारू नये. कथेत ज्याला इजा झाली त्याचे नव्या कथेत काय झाले, एवढेच विचारावे. उत्तरावरून पुनर्कथनाची किंमत ठरेल.