जेमी मॅक्रिमनचा किल्ट आणि न वाचलेला निबंध

#थ्रेड

‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश विज्ञानमालिकेची चर्चा निघाली आणि तीत जेमी मॅक्रिमनचे छायाचित्र आले, की थोड्याच वेळात कोणी तरी पंडित अवतरतो आणि एक वाक्य टाकून निघून जातो : किल्ट हा स्कॉटिश पोशाख नव्हेच, तो एका इंग्रज कारखानदाराने शोधून काढला. पुराव्यादाखल ह्यू ट्रेव्हर-रोपर यांचे नाव असते. वाक्य चमकदार आहे आणि निम्मे खरेही आहे. मात्र ते फेकणाऱ्यांपैकी बहुतेकांनी मूळ निबंध उघडलेला नसतो, अशी माझी खात्री होत चालली आहे. जेमीचा पोशाख चुकीचा आहे का? आहे. पण हे पंडित बोट ठेवतात ती चूक त्यात नाही, आणि जी आहे तिच्याकडे त्यांचे लक्ष नाही.

मालिका न पाहिलेल्यांसाठी थोडी ओळख. १७ डिसेंबर १९६६ रोजी ‘द हायलँडर्स’ या चार भागांच्या कथेचा पहिला भाग बीबीसीवर दाखवला गेला. पॅट्रिक ट्राउटन यांनी साकारलेला दुसरा डॉक्टर आपल्या टार्डिसमधून १७४६ च्या स्कॉटलंडमध्ये उतरतो. १६ एप्रिलची कलोडनची लढाई नुकतीच संपलेली असते. स्ट्युअर्ट घराण्याचा वारस चार्ल्स एडवर्ड याच्या बाजूने लढलेले जॅकोबाइट सैन्य तासाभराच्या आत मोडलेले असते आणि ड्यूक ऑफ कम्बरलंडचे लाल डगलेवाले शिपाई पळणाऱ्यांना हुडकून मारत असतात. त्या पळणाऱ्यांत एक तरुण पाइपवादक असतो. फ्रेझर हाइन्स यांनी रंगवलेला हा जेमी कथेच्या शेवटी डॉक्टरसोबत निघतो आणि १९६९ पर्यंत त्याच्याबरोबर राहतो. २०७० सालच्या चंद्रतळावर, १९३५ च्या हिमालयातल्या मठात, लंडनच्या भुयारी रेल्वेत तो बहुतेक वेळा किल्टमध्येच दिसतो.

आता त्या ‘इंग्रज कारखानदारा’कडे वळू. त्याचे नाव थॉमस रॉलिन्सन. लँकशरचा हा क्वेकर पंथीय लोहउद्योजक अठराव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात ग्लेनगॅरीच्या जंगलात आला. भट्टीला लागणारा कोळसा तिथल्या झाडांपासून मिळणार होता आणि मजूर होते हायलँडचे. त्यांच्या अंगावर ‘फेला मोर’ असे. अरुंद मागावर विणलेले दोन पट्टे जोडून केलेले, चार-पाच वार लांबीचे हे अखंड लोकरी वस्त्र जमिनीवर पसरायचे, मध्यभागी निऱ्या घालायच्या, त्यावर आडवे पडून कमरेला पट्टा आवळायचा. खालचा भाग गुडघ्यापर्यंत येई आणि वरचा खांद्यावर घेता येई. रात्री पट्टा सोडला की तेच पांघरूण. धोतर, नऊवारी आणि घोंगडी ठाऊक असलेल्या माणसाला हे निराळे समजावून सांगायला नको. एकच न शिवलेले कापड दिवसा वस्त्र आणि रात्री अंथरूण-पांघरूण होऊ शकते, हे आपल्याकडच्या कुठल्याही धनगराला माहीत आहे. भट्टीजवळ काम करताना वरचा घोळ अडचणीचा होई. म्हणून रॉलिन्सनने कापडाचे दोन भाग करवले आणि खालचा निऱ्यांचा भाग तेवढा ठेवला. हाच ‘फेला बेग’, म्हणजे लहान किल्ट.

ही हकीकत आपल्याला कळते ती इव्हान बेली यांच्या १७६८ च्या पत्रावरून. ते छापले गेले १७८५ मध्ये. घटनेनंतर चाळीसेक वर्षांनी लिहिलेला हा एकमेव आधार. तरीही तो खरा धरू. मग शोध कशाचा लागला? निऱ्या होत्याच, पट्टा होताच, उघडे गुडघे होतेच. १५९४ साली आयर्लंडमध्ये लढायला गेलेल्या हेब्रिडीज बेटांतल्या सैनिकांचे वर्णन एका आयरिश चरित्रात आले आहे, आणि त्यातही बहुरंगी वस्त्र व त्यावरून बांधलेला कमरपट्टा आहे. रॉलिन्सनने कात्री चालवली. कात्री चालवणाऱ्याला वस्त्राचा जनक म्हणायचे असेल तर खुशाल म्हणावे, पण मग बाही आखूड करणारा प्रत्येक शिंपी सदऱ्याचा जनक ठरेल.

त्याहून महत्त्वाचा पुरावा दुसरा आहे आणि तो खुद्द ब्रिटिश पार्लमेंटचा आहे. कलोडननंतर त्याच वर्षी झालेल्या कायद्याने हायलँड पोशाखावर बंदी घातली. कोणती वस्त्रे वापरायची नाहीत, याची यादी त्यात आहे. त्या यादीत प्लेड आहे, तंग विजार आहे आणि ‘फिलिबेग अथवा लहान किल्ट’ही नाव घेऊन नमूद केला आहे. कोणी घालतच नसलेल्या कपड्यावर कायदा बंदी कशाला घालील? १७४६ च्या एप्रिलमध्ये एखाद्या जेमीच्या अंगावर लहान किल्ट असणे यात कालविपर्यास अजिबात नाही. गंमत अशी, की ट्रेव्हर-रोपर यांनाही हे मान्य आहे. १९८३ च्या त्या निबंधात बंदीच्या कायद्यातील किल्टचा उल्लेख आहे. त्यांच्या नावाने ठोकून देणाऱ्यांनी तेवढे पान तरी वाचावे. (त्याच १९८३ साली या थोर इतिहासकाराने हिटलरच्या बनावट रोजनिश्या अस्सल ठरवल्या होत्या. यावरून त्यांचा किल्टविषयक युक्तिवाद खोटा ठरत नाही, पण नुसते नाव घेतले की वाद संपला, असे मानणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.)

मग चूक कुठे आहे? एक आहे शिलाईत. मागे शिवून पक्क्या केलेल्या निऱ्यांचा, मोजून बेतलेला किल्ट अठराव्या शतकाच्या अखेरीस, मुख्यतः लष्करी शिंप्यांच्या हातून आकाराला आला. दुसरी चूक मालिकेपेक्षा प्रेक्षकांच्या डोक्यात आहे : प्रत्येक कुळाची ठरलेली चौकडी असते आणि तीवरून माणूस ओळखता येतो, ही समजूत. डेव्हिड मोरियर यांनी या बंडातील प्रसंगाचे चित्र काढले, ते बंडाच्या आगेमागेच. त्यात आठ हायलँडर आहेत आणि त्यांच्या अंगावर वीसहून अधिक वेगवेगळ्या चौकड्या. एकाच माणसाचा कोट एका चौकडीचा आणि प्लेड दुसऱ्या. कलोडनवर जॅकोबाइट ओळखू येई तो टोपीवरच्या पांढऱ्या फितीच्या फुलामुळे. ‘आमच्या कुळाची चौकडी’ हे प्रकरण पुढचे. लंडनच्या हायलँड सोसायटीने १८१५ मध्ये कुळप्रमुखांकडून नमुने मागवले, तेव्हा कित्येकांना आपली चौकडी कोणती हेच माहीत नव्हते. बॅनकबर्नच्या विल्सन कारखान्याने मागणी तसा पुरवठा केला. १८४२ मध्ये सोबिएस्की स्ट्युअर्ट म्हणवणाऱ्या दोन भावांनी एका कथित प्राचीन हस्तलिखिताच्या आधारे चौकड्यांचा ग्रंथच काढला. ते हस्तलिखित बनावट होते. या ठिकाणी ट्रेव्हर-रोपर यांना शंभर टक्के गुण द्यायला माझी हरकत नाही.

पण मालिकेची खरी ऐतिहासिक गफलत कापडात नसून आडनावात आहे, आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. मॅक्रिमन हे स्काय बेटावरील डनव्हेगनच्या मॅक्लाउड प्रमुखांचे वंशपरंपरागत पाइपवादक घराणे. मालिकेतला जेमी मॅक्लॅरेन सरदाराचा पाइपवादक आहे आणि चार्ल्ससाठी लढतो. वास्तवात १७४५-४६ मध्ये मॅक्लाउड प्रमुखाने सरकारची, म्हणजे राजा जॉर्जची बाजू घेतली होती. १६ फेब्रुवारी १७४६ च्या रात्री लॉर्ड लाउडन यांची सरकारी फौज मॉय येथे मुक्कामाला असलेल्या चार्ल्सला पकडायला इन्व्हर्नेसहून निघाली. गावातल्या लोहाराने मूठभर साथीदारांसह अंधारात गोळ्या झाडून, कुळांची नावे ओरडून मोठे सैन्य असल्याचा देखावा केला आणि फौज उधळली. त्या गोंधळात सरकारी बाजूचा पाइपवादक ठार झाला. त्याचे नाव डॉनल्ड बान मॅक्रिमन.

म्हणजे त्या युद्धातला सर्वांत प्रसिद्ध मॅक्रिमन कलोडनच्या दोन महिने आधी, जेमीच्या विरुद्ध बाजूने मेला. ‘स्कॉट विरुद्ध इंग्रज’ ही मांडणी इथे कोसळते. कलोडनवर कम्बरलंडच्या फौजेत स्कॉटिश पलटणी होत्या, कॅम्बेल कुळाचे हायलँडर होते. भाऊ भावाविरुद्ध उभे होते. किल्ट दिसला की बंडखोर, लाल डगला दिसला की इंग्रज, असा सोपा हिशेब मालिकेने दिला आणि प्रेक्षकांनी मुकाट्याने घेतला. कपड्याच्या निऱ्या मोजणाऱ्या टीकाकारांनीही तो तसाच घेतला, याचा मला अधिक राग आहे.

बंदीच्या कायद्याचे पोशाखाविषयीचे कलम १ ऑगस्ट १७४७ पासून लागू झाले. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद, दुसऱ्याला सात वर्षे समुद्रापार मळ्यांत हद्दपारी. हे पस्तीस वर्षे, १७८२ पर्यंत चालले. या कायद्यात एक अपवाद होता : राजाच्या सैन्यातील अधिकारी व शिपाई. घरी किल्ट घातला तर तुरुंग, राजासाठी मरायला निघताना घातला तर गणवेश! लॉर्ड लव्हॅटचे मस्तक राजद्रोहासाठी १७४७ मध्ये लंडनला उडवले गेले. दहा वर्षांनी त्याच्याच मुलाने, सायमन फ्रेझरने, राजासाठी हायलँडर पलटण उभारली. १७५९ मध्ये ती क्वेबेकला जेम्स वुल्फच्या हाताखाली लढली. हा वुल्फ कलोडनवर सरकारी सैन्यात होता.

त्या वाटेचे एक टोक आपल्या दारापर्यंत येते. २३ सप्टेंबर १८०३ रोजी, आजच्या जालना जिल्ह्यातील असईच्या रणांगणावर शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर वेलस्लीने उभ्या केलेल्या पायदळात ७४ वी आणि ७८ वी या दोन हायलँडर पलटणी होत्या. ७४ वी तर तिथे जवळजवळ कापली गेली. ज्यांचे आजोबा कलोडनच्या काळात पाठलाग चुकवत होते, असेही कोणी त्यांत असतील. बंडखोराचे वस्त्र दोन पिढ्यांत साम्राज्याचे वस्त्र झाले, ते या अपवादातून.

‘स्टार ट्रेक’मधला स्कॉटी याच अपवादाचा वारस आहे. तेविसाव्या शतकातल्या अंतराळयानावर सगळे एकसारख्या गणवेशात वावरतात. पण १९६९ च्या ‘द सॅव्हेज कर्टन’ या भागात औपचारिक स्वागताचा प्रसंग येतो, तेव्हा मुख्य अभियंता किल्ट घालून हजर होतो. किल्ट म्हणजे सेवेत असलेल्या स्कॉटचा समारंभी वेश, ही कल्पना ब्रिटिश लष्कराकडून थेट अंतराळात गेली आहे.

आणि १८२२. चौथा जॉर्ज एडिंबरोला आला, वॉल्टर स्कॉट यांनी सोहळा बेतला, आणि कम्बरलंडच्याच घराण्यातला हा लठ्ठ राजा किल्ट आणि कातडीच्या रंगाचे पायमोजे घालून मिरवला. उत्तरेला सदरलंडमध्ये त्याच दशकात मेंढ्यांच्या कुरणांसाठी गावे उठवून झाली होती. १८१४ मध्ये स्ट्रॅथनेव्हरला घरे जाळली गेली. जमीनदाराचा कारभारी पॅट्रिक सेलर याच्यावर १८१६ मध्ये खटला चालला आणि तो निर्दोष सुटला. ‘परंपरा बनावट आहे’ असे म्हणून हसणाऱ्यांना मला एवढेच विचारायचे आहे, की ती बनवत असताना त्या वस्त्राचे मूळ धनी कुठे होते? काही जहाजात होते, काही पलटणीत.

‘द हायलँडर्स’ या कथेला हे सारे थोडेबहुत माहीत होते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तिच्यातला खलनायक एक वकील आहे आणि तो पकडलेल्या हायलँडरांना वेस्ट इंडीजच्या मळ्यांसाठी विकण्याचा धंदा करतो. बंडानंतर नऊशेहून अधिक कैद्यांना खरोखरच समुद्रापार पाठवण्यात आले. पण निर्मात्यांनी ठरवले, की निव्वळ ऐतिहासिक कथा पुरे झाल्या. ही त्या काळातील शेवटची ठरली. तशी पुढची कथा थेट १९८२ मध्ये आली. इतिहास बंद झाला आणि इतिहासातला पोरगा मात्र किल्टसह ठेवून घेतला. त्यावर कडी म्हणजे बीबीसीने या कथेचे चारही भाग पुसून टाकले. आज ध्वनिमुद्रण उरले आहे, छायाचित्रे आहेत, आणि ऑस्ट्रेलियातल्या सेन्सॉरने हिंसक म्हणून कापलेले काही क्षण आहेत. जेमी ज्या जगातून आला ते जगच दिसत नाही. चंद्रावर किल्ट घालून धावणारा गमतीदार मुलगा तेवढा दिसतो. पुढे त्याच मुलाची प्रतिमा मनात घेऊन अमेरिकन लेखिका डायना गॅबल्डन यांनी ‘आउटलँडर’ लिहिली, ती १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिचाही नायक जेमीच आहे. प्रतिमेतून प्रतिमा जन्मली ती अशी.

जून १९६९. ‘द वॉर गेम्स’चा अखेरचा भाग. डॉक्टरचे जातभाई जेमीला परत पाठवतात. पहिली भेट सोडून सारी साहसे त्याच्या स्मृतीतून पुसली जातात आणि समोर लाल डगलेवाला दिसताच तो आरोळी ठोकत त्याच्यावर धावून जातो. दृश्य विनोदाच्या अंगाने घेतले आहे. त्या झटापटीतून तो वाचला असे समजा. तेथून बंदी लागू होण्याचा दिवस सव्वा वर्षावर होता. तीन वर्षे चंद्रापासून हिमालयापर्यंत जे वस्त्र त्याने मिरवले, त्यासाठी त्याला त्याच्याच गावात सहा महिने कोठडीत बसावे लागले असते. दुसऱ्यांदा सापडला असता तर ज्या जहाजातून डॉक्टरने त्याच्या माणसांना सोडवले, तसल्याच एखाद्या जहाजात.