सांगवीला परतलेला पांडुरंग आणि न परतलेला निवेदक

भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ साली प्रसिद्ध झाली. तेव्हापासून तिच्यावर मराठीत अमाप लिहिले गेले आहे. तरीही जळगाव-धुळ्याकडच्या महाविद्यालयांतून ती ज्या पद्धतीने शिकवली जाते आणि परीक्षेत ज्या पद्धतीने लिहिली जाते, त्याविषयी काही म्हणणे आम्हाला आवश्यक वाटते. उत्तरपत्रिका तपासताना एक वाक्य हमखास भेटते: ‘कोसला ही आत्मचरित्रात्मक कादंबरी असून पांडुरंग सांगवीकर म्हणजे स्वतः लेखकच होय.’ हे वाक्य विद्यार्थ्याचे नसते. ते गाइडमधून आलेले असते, आणि गाइडमध्ये ते आपल्यासारख्यांच्या टिपणांतून गेलेले असते.

या समजुतीला आधार नाही असे नाही. नेमाडे १९३८ साली यावल तालुक्यातील सांगवी येथे जन्मले, आणि नायकाचे आडनाव सांगवीकर. निवेदक आरंभीच आपले वय पंचवीस सांगतो, आणि कादंबरी आली तेव्हा लेखकही पंचवीस वर्षांचा होता. पुण्यातले शिक्षण, वसतिगृह, महानुभाव पंथाचे संस्कार असलेला परिसर, असे धागे जुळवत गेले की वाचकाला शोध लागल्याचे समाधान मिळते. खान्देशी वाचकाला तर ते अधिकच मिळते, कारण ही गावे त्याच्या एस.टी.च्या रस्त्यावरची असतात. पण एवढ्यावर वाचन थांबले तर कादंबरी हातातून निसटते. लेखकाच्या चरित्रातून नायकाला ओळखण्याच्या नादात तिथे बोलतो आहे तो कोण, हा प्रश्नच विचारला जात नाही.

आमच्या मते ‘कोसला’त दोन पांडुरंग आहेत. एक, पुण्याला जाणारा, मंडळांत आणि मेसच्या कारभारात उत्साहाने उडी घेणारा, वडिलांचे पैसे उधळणारा आणि अखेर शिक्षणात अपयश घेऊन गावी परतणारा. दुसरा, हे सगळे संपल्यानंतर सांगायला बसलेला. पहिल्याला पुढे काय होणार हे ठाऊक नाही. दुसऱ्याला ते पुरते ठाऊक आहे. म्हणून पहिल्याच्या प्रत्येक उत्साहावर दुसऱ्याच्या पराभवाची सावली पडलेली आहे. कादंबरीतला विनोद या दोघांमधल्या अंतरातून निर्माण होतो. हे अंतर नाहीसे केले की उरते ती केवळ वसतिगृहातल्या गमतीजमतींची जंत्री.

या निवेदकाचे ‘वगैरे’ आणि ‘उदाहरणार्थ’ हे शब्द इतके प्रसिद्ध झाले की दोन पिढ्यांनी त्यांची नक्कल केली. पण हे शब्द कुठले आहेत? ‘उदाहरणार्थ’ हा वर्गातला, पाठ्यपुस्तकातला शब्द आहे. आधी नियम सांगायचा आणि मग उदाहरण द्यायचे, अशी त्याची रीत. पांडुरंगापाशी नियम उरलेलाच नाही, नुसतीच उदाहरणे आहेत, आणि नियम कोणता असेल हे वाचकाने शोधायचे आहे. ‘वगैरे’ ही यादी पूर्ण करण्याचीही गरज न उरल्याची खूण आहे. म्हणजे ज्या शिक्षणव्यवस्थेला हा तरुण नाकारतो, तिचेच शब्द त्याच्या तोंडात बसलेले आहेत.

यावल-रावेरच्या पट्ट्यात लेवा गणबोली बोलली जाते, धुळ्याकडे अहिराणी. ‘कोसला’चे निवेदन मुख्यतः यांपैकी कुठल्याही बोलीत नाही. ते वसतिगृहाच्या खोल्यांत, रात्रीच्या गप्पांत घडलेल्या मराठीत आहे. तिकडचे शब्द अधूनमधून येतात, पण वाक्याचा कणा पुण्यात तयार झालेला आहे. पांडुरंग सांगवीला परतला, त्याची भाषा परतली नाही. गावात राहून तो जे सांगतो, ते गावातल्या कोणाला त्याच भाषेत सांगता येईल असे वाटत नाही. कादंबरीचा खरा दुःखाचा भाग आम्हाला इथे दिसतो. ‘कोसला’ला ‘आपल्या मातीतली’ म्हणून अभिमानाने मिरवताना ही गोष्ट नेमकी झाकली जाते.

निवेदकाचा उपरोध सर्वत्र त्याच्या मदतीला येतो. तो रोजनिशीचा आकार घेतो, मधेच इतिहासलेखनाचे विडंबन करतो, निरनिराळे वेश पालटतो. मात्र धाकटी बहीण मनी मरते तेव्हा ही ढाल कामाला येत नाही. तिथले निवेदन विलापाच्या जवळ जाते, आणि आतापर्यंतची सगळी थट्टा कशासाठी होती हे मागे वळून पाहताना उमगते. सांगणारा पांडुरंग मनीचा मृत्यू पाठीशी घेऊनच सांगायला बसला होता. पहिल्या पानापासून तो जो इतका बोलतो आहे, तो कदाचित एवढे एक सांगावे लागू नये म्हणून.

तुलनेसाठी दूर जायला नको. अमळनेरला शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेली ‘श्यामची आई’ घ्या. तिथेही दोन श्याम आहेत: लहानपणीचा हट्टी मुलगा आणि मित्रांना रात्री आठवणी सांगणारा प्रौढ. पण प्रौढ श्याम लहान श्यामचा न्याय करतो, त्याच्या चुका दाखवतो, आणि ऐकणारे मित्र डोळे पुसायला तयार बसलेले असतात. पांडुरंगासमोर असा आश्रम नाही. आपल्या पूर्वायुष्याचा न्याय तो करीत नाही, ते काम वाचकावर टाकतो. वेन बूथ यांनी ‘अविश्वसनीय निवेदक’ ही संकल्पना १९६१ साली मांडली, ‘कोसला’च्या दोनच वर्षे आधी. निवेदकाचे शब्द आणि त्या शब्दांआडून दिसणारे वास्तव यांत फट असते, आणि जाणता वाचक त्या फटीतून पाहतो.

या फटीतून पांडुरंगाच्या वडिलांकडे पाहावे. निवेदकाच्या बोलण्यातून ते धाक घालणारे, व्यवहारी, मुलाला न समजणारे दिसतात, आणि विद्यार्थी त्यांना सरसकट खलनायक ठरवून मोकळे होतात. पण पैसे पाठवणारेही तेच असतात. मुलगा ते कसे खर्च करतो याचा हिशेब निवेदक स्वतःच वाचकासमोर मांडतो. वडिलांची बाजू कोणी मांडत नाही, ती तपशिलांतून आपोआप उभी राहते. आज आमच्या वर्गातली कितीतरी मुले स्पर्धा परीक्षांसाठी पुण्याला जातात. कापसाच्या किंवा केळीच्या पैशांवर खोलीचे भाडे भरतात आणि काही वर्षांनी रिकाम्या हाताने परततात. त्यांच्यासाठी पांडुरंग ‘आपला’ असतोच. त्याच्या निवेदनावर संशय घ्यायला शिकले तर त्यांना घरचा तो दुसरा माणूसही वाचता येईल.

पुढे नेमाड्यांनी ‘बिढार’ (१९७५), ‘जरीला’ (१९७७), ‘झूल’ (१९७९) या कादंबऱ्यांत चांगदेव पाटील हा नायक आणला आणि त्याच्यासाठी तृतीयपुरुषी निवेदन स्वीकारले. गावोगावच्या महाविद्यालयांतून नोकरी करीत फिरणारा हा प्राध्यापक पांडुरंगाइतका मोहक नाही, आणि आमच्या व्यवसायातील मंडळींना त्याच्याभोवतीची माणसे फार परिचयाची वाटतात म्हणून असेल, तो कमी वाचला जातो. पण ‘मी’ सोडल्यामुळे काय साधले ते पाहण्यासारखे आहे. पांडुरंगाच्या नजरेत सारी माणसे त्याच्या कंटाळ्याच्या रंगात बुडून येतात. चांगदेवच्या कादंबऱ्यांत संस्था, जाती आणि नोकऱ्यांचे राजकारण स्वतःच्या वजनाने उभे राहते. ‘हिंदू’ (२०१०) मध्ये पुरातत्त्वाचा अभ्यासक खंडेराव येतो, आणि त्याच्या निमित्ताने निवेदन एका आयुष्यापलीकडे, पिढ्यांच्या थरांत उतरते. निवेदक बदलला की दिसणारे जग बदलते, हे एकाच लेखकाच्या उदाहरणाने शिकवता येण्यासारखी याहून चांगली सोय मराठीत क्वचितच सापडेल.

२०१४ सालच्या ज्ञानपीठ पुरस्कारानंतर खान्देशात नेमाड्यांचा गौरव पुष्कळ झाला आणि तो योग्यच होता. मात्र लेखक आपल्या जिल्ह्याचा असणे ही वाचनाची पात्रता नव्हे. पुढच्या प्रश्नपत्रिकेत ‘आत्मचरित्रात्मक कादंबरी म्हणून कोसलाचे परीक्षण करा’ याऐवजी ‘पांडुरंग सांगवीकर वाचकापासून काय लपवतो?’ असा प्रश्न एकदा तरी घालून पाहावा. गाइडमध्ये त्याचे उत्तर मिळणार नाही. विद्यार्थ्याला कादंबरी उघडावी लागेल.