दारिद्र्यनिर्मूलनाच्या नेत्याला प्रमाणपत्र कोणाचे?

दिल्लीत गरिबांच्या नावाने चालणाऱ्या अनेक संस्थांची कार्यालये गरिबांपासून दूर आहेत. लोदी रोडच्या आसपास झाडांच्या गर्द सावलीत या कार्यालयांच्या पाट्या लागलेल्या दिसतात. ज्यांच्यासाठी ती चालतात ते लोक मात्र बवाना, नरेला, सावदा घेवरा अशा, शहराच्या कडेला नेऊन टाकलेल्या पुनर्वसन वसाहतींत राहतात. हे अंतर जो सहज ओलांडतो, म्हणजे सकाळी वस्तीत हिंदीतून विचारपूस करतो आणि संध्याकाळी देणगीदारापुढे इंग्रजीतून अहवाल मांडतो, तो या क्षेत्रातील नेता होय. अलीकडे अशा नेत्याला आपण नेते असल्याचा लेखी दाखलाही हवासा वाटू लागला आहे.

वकिलांना बार कौन्सिल आहे, डॉक्टरांना वैद्यक परिषद आहे. तशीच समाजकार्यासाठी कायद्याने राष्ट्रीय परिषद स्थापावी, तिच्याकडे नोंदणी व्हावी आणि नोंदणी नसलेल्याला स्वतःला व्यावसायिक समाजकार्यकर्ता म्हणवून घेता येऊ नये, ही मागणी समाजकार्य शिक्षणाच्या वर्तुळातून वर्षानुवर्षे होत आहे. राजधानी परिसरात तिला पोषक असे वातावरणही आहे. दिल्ली विद्यापीठ आणि जामिया मिलियाचे समाजकार्य विभाग आहेत, इग्नूचे दूरशिक्षणाचे अभ्यासक्रम आहेत. नोएडात तर गेल्या दशकात केवळ विकास-व्यवस्थापन शिकविणारी स्वतंत्र संस्था उभी राहिली आहे. मागणी वरकरणी रास्तच दिसते. ज्याच्या हाती लोकांचे रेशन, मुलांचे पोषण आणि डोक्यावरील छप्पर यांचा प्रश्न सोपवावयाचा, तो शिकलेला असू नये असे कोण म्हणेल? परंतु हा दाखला कोण देणार, कोणाला देणार, आणि त्यातून वगळले कोण जाणार, हे प्रश्न विचारले की मागणीचे वर्गीय स्वरूप स्पष्ट होऊ लागते.

गरिबीच्या प्रमाणित नेत्याची कल्पना पूर्ण रूपात पाहावयाची असेल तर अमेरिकेकडे वळले पाहिजे. अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी १९६४ मध्ये ‘दारिद्र्याविरुद्ध युद्ध’ पुकारले; व्हिएतनामवरील युद्ध भडकविणारेही तेच. त्या वर्षीच्या आर्थिक संधी कायद्याने गावोगाव सामुदायिक कृती संस्था उभ्या केल्या आणि त्यांच्या कारभारात गरिबांचा शक्य तितका अधिकाधिक सहभाग असावा असे लिहून ठेवले. काही शहरांत गरिबांनी हे शब्द खरे मानले. ते घरमालकांविरुद्ध आणि नगर प्रशासनाविरुद्ध संघटित होऊ लागले. सरकारी पैशाने सरकारविरुद्धच माणसे उभी केली जात आहेत, अशी हाकाटी तत्काळ महापौरांनी सुरू केली. १९६७ च्या दुरुस्तीने या संस्था स्थानिक सत्ताधाऱ्यांच्या कह्यात देण्याची वाट मोकळी झाली. १९८१ मध्ये रेगन सरकारने त्यांची केंद्रीय यंत्रणाच मोडून राज्यांना ठोक अनुदाने देऊन टाकली. संस्था उरल्या, आजही त्या सुमारे एक हजार आहेत. लढा मात्र गेला. आता त्यांची राष्ट्रीय संघटना ‘प्रमाणित सामुदायिक कृती व्यावसायिक’ असा दर्जा देते. उमेदवाराने अनुभव दाखवावा आणि या कार्याचा इतिहास व मूल्ये यांवर परीक्षा द्यावी. ज्या सहभागाला १९६७ मध्ये वेसण घातली गेली, तो आता उमेदवारांनी पाठ करावयाचा धडा झाला आहे.

भारतातील समाजकार्य शिक्षणाचा उगमही अमेरिकन मिशनरी प्रयत्नांशी निगडित आहे. मुंबईच्या नागपाड्यात कामगार वस्तीत काम करणाऱ्या क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या पुढाकाराने १९३६ मध्ये टाटांच्या पैशावर पहिली संस्था निघाली. दिल्लीतील समाजकार्य विद्यालयाची स्थापना १९४६ मध्ये वाय.डब्ल्यू.सी.ए.ने केली, तीही अमेरिकन शाखेच्या साहाय्याने. उगम परकीय म्हणून ज्ञान त्याज्य ठरत नाही. मार्क्सवादही ट्रिअरहून आला. प्रश्न त्या ज्ञानाचा वापर कोणत्या चौकटीत झाला हा आहे, आणि दिल्लीने त्याचे उत्तर फार पूर्वी देऊन ठेवले आहे.

१९५८ मध्ये दिल्ली महानगरपालिका स्थापन झाली, आणि लगेच फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने तिने नागरी सामुदायिक विकासाचा पथदर्शक प्रकल्प हाती घेतला. प्रशिक्षित संघटक गलिच्छ वस्त्यांत पाठविण्यात आले. त्यांनी गल्लोगल्ली विकास मंडळे स्थापिली. लोकांनी स्वतः वर्गणी काढून, स्वतः राबून गल्ल्या स्वच्छ कराव्यात, मोऱ्या बांधाव्यात, शिवणवर्ग चालवावेत, असा त्यामागील विचार होता. प्रकल्पाचे अमेरिकन सल्लागार, समाजशास्त्रज्ञ मार्शल क्लिनार्ड यांनी या अनुभवावर १९६६ मध्ये ग्रंथ लिहिला. त्याच्या उपशीर्षकातच ‘स्वयंसाहाय्याचे प्रयोग’ असे शब्द आहेत. हे संघटक अप्रामाणिक होते असे म्हणण्याचे कारण नाही. अनेकांनी मनापासून काम केले असेल. पण लोकांनी मोरी स्वतः बांधावी असे ज्यांना सांगितले, ती जमीन कोणाची, हा प्रश्न त्या कार्यक्रमपत्रिकेवर नव्हता. पुढे आणीबाणीत, १९७५ ते १९७७ या काळात, याच शहरात झोपडपट्ट्यांवर आणि जुन्या मोहल्ल्यांवर बुलडोझर फिरले, तुर्कमान गेटला एप्रिल १९७६ मध्ये गोळीबार झाला, आणि सुमारे सात लाख माणसे उचलून शहराबाहेरच्या वसाहतींत नेण्यात आली. स्वयंसाहाय्याच्या शाळेत बुलडोझरपुढे काय करावयाचे हे शिकविलेले नव्हते.

आज फोर्डची जागा बव्हंशी देशी भांडवलाने घेतली आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमानुसार ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक उत्तरदायित्वावर खर्च करावी लागते, आणि त्यासाठीच्या परिशिष्टात पहिलाच विषय भूक व दारिद्र्य यांच्या निर्मूलनाचा आहे. ज्या नफ्यासाठी मानेसर आणि नोएडाच्या कारखान्यांत कंत्राटी मजूर ठेवले जातात, त्या नफ्याच्या दोन टक्क्यांतून त्याच मजुरांच्या वस्तीत शिबिर भरते! १ एप्रिल २०२१ पासून हा पैसा घेणाऱ्या संस्थांना केंद्राकडे नोंदणी करावी लागते. मोठ्या प्रकल्पांना परिणाम-मूल्यमापन सक्तीचे आहे. परदेशी देणगीचा तर प्रत्येक रुपया, २०२० च्या दुरुस्तीपासून, संसद मार्गावरील स्टेट बँकेच्या एकाच शाखेत उतरला पाहिजे. ज्या संस्था हक्काची भाषा बोलतात त्यांच्या मुसक्या बांधावयाच्या, आणि ज्या सेवेची भाषा बोलतात त्यांना शिस्तीत ठेवावयाचे, असा हा दुहेरी कारभार आहे. कॉ. प्रकाश करात यांनी १९८४ मध्ये ‘द मार्क्सिस्ट’मधून परदेशी पैशावरील कृतिगटांचे साम्राज्यवादी डावपेचांतील स्थान उलगडून दाखविले होते. ते विश्लेषण आजच्या परिस्थितीत पुढे नेले पाहिजे. प्रमाणित नेत्याची गरज मुख्यतः पैसा देणाऱ्याला आहे. आपला पैसा कोणाच्या हाती दिला तर हिशेब चोख येईल आणि मोर्चा येणार नाही, याची हमी त्याला हवी असते.

या व्यवहाराची भाषाही तपासून पाहण्यासारखी आहे. ‘स्टेकहोल्डर’ या इंग्रजी शब्दासाठी सरकारी आणि संस्थांच्या मराठी मजकुरात सर्रास ‘भागधारक’ असे छापले जाते. मराठीत भागधारक म्हणजे कंपनीचे शेअर बाळगणारा. जिच्या नावावर झोपडीचा पत्रासुद्धा नाही ती विस्थापित बाई, तिला हुसकावणारे प्राधिकरण आणि त्या जमिनीवर डोळा ठेवून बसलेला बिल्डर, हे तिघेही एकाच ओळीत भागधारक! अनुवादकाची ही चूक म्हणावी, तर तिने मूळ शब्दाचे पितळ उघडे पाडले आहे.

दाखल्याची ही शिडी वर चढत असताना तिच्या तळाशी कोण उभे आहे? एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांत सुरू झाली. आज देशातील सर्वांत मोठे दारिद्र्यविरोधी काम कोणी करीत असेल तर ती अंगणवाडी सेविका होय. ती मुलांचे वजन घेते, आहार वाटते, गरोदर बायकांच्या नोंदी ठेवते आणि आता हे सारे मोबाइलवरील पोषण ट्रॅकरमध्ये भरते. तिच्या आकड्यांवर वरच्यांचे अहवाल उभे राहतात. ज्याच्या हाती ससा तो पारधी, अशी म्हण आहे. येथे ससा धरणारी एक आणि पारधी म्हणून मिरवणारा दुसरा. तिला मिळते ते वेतन नव्हे, ‘मानधन’. केंद्र सरकारने ते २०१८ मध्ये ४,५०० रुपये ठरविले. त्यावर राज्ये आपापली भर घालतात. मे २०१३ मध्ये ४५ व्या भारतीय श्रम परिषदेने योजना कर्मचाऱ्यांना कामगार म्हणून मान्यता द्यावी अशी शिफारस केली. ती कागदावरच राहिली. ३१ जानेवारी २०२२ पासून दिल्लीच्या हजारो अंगणवाडी सेविका व मदतनीस ३८ दिवस संपावर होत्या. या संपाचे नेतृत्व पक्षाशी संबंधित संघटनेकडे नव्हते, म्हणून त्याचे महत्त्व तसूभरही कमी होत नाही. संपावर अत्यावश्यक सेवा कायदा लावण्यात आला आणि आठशेहून अधिक जणींना कामावरून काढण्यात आले. मोबदला देताना जी मानसेवी, तीच संप करताच अत्यावश्यक! त्याच वर्षी २५ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला, तेव्हा कोठे कायद्याच्या भाषेत त्यांच्या श्रमाला श्रम म्हटले गेले.

यावरून प्रशिक्षणच नको असा निष्कर्ष कोणी काढील तर तो घातक ठरेल. येथे थोडी आत्मटीका आवश्यक आहे. दिल्लीच्या २०१५ च्या पुनर्वसन धोरणानुसार १ जानेवारी २००६ पूर्वीच्या वस्त्या पर्यायी घरांशिवाय हटविता येत नाहीत, आणि झोपडी १ जानेवारी २०१५ पूर्वीची असल्याचा पुरावा लागतो. कोणता कागद त्यासाठी चालतो हे वस्तीत कोणाला ठाऊक असते? पुष्कळदा ते संस्थेच्या तरुण कार्यकर्त्याला ठाऊक असते, शाखेच्या सचिवाला नसते. रेशनकार्डाचा अर्ज भरणे हे किरकोळ, सुधारणावादी काम मानून ते इतरांवर सोपविले गेले. मग लोक अर्जापाठोपाठ तिकडेच गेले, यात नवल ते काय? २० एप्रिल २०२२ रोजी जहांगीरपुरीत सर्वोच्च न्यायालयाचा ‘जैसे थे’ आदेश निघूनही पाडकाम चालूच होते. कॉ. वृंदा करात आदेशाची प्रत घेऊन बुलडोझरसमोर उभ्या राहिल्या आणि यंत्रे थांबली. तेथे कागदाचे ज्ञान लागले आणि बुलडोझरसमोर उभे राहण्याची तयारीही लागली. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या व्यवस्थापकाला दुसरे जमत नाही. पण पहिल्याची हेळसांड करणाऱ्या कार्यकर्त्याचेही चालत नाही.

समाजकार्याची पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या तरुण-तरुणींकडे म्हणूनच तुच्छतेने पाहणे चूक आहे. टाटा संस्थेत शिकलेल्या मेधा पाटकर नर्मदेच्या खोऱ्यात गेल्या. बहुसंख्यांच्या वाट्याला मात्र दुसरेच जिणे येते. प्रकल्प आहे तोवर नोकरी, देणगी संपली की घरी. वस्तीत दिवसभर फिरायचे आणि रात्री देणगीदाराचे तक्ते भरायचे. संचालक प्रमाणित नेता होतो, पण हे क्षेत्र-कार्यकर्ते बहुधा नावानेच व्यावसायिक असतात.

आणि आता कायद्यानेही त्यांच्या पायाखालची जमीन काढून घेतली आहे. फेब्रुवारी १९७८ मध्ये बंगलोर पाणीपुरवठा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सात न्यायाधीशांच्या पीठापुढे ‘उद्योग’ या शब्दाचा व्यापक अर्थ लावला. केरळच्या १९५७ च्या मंत्रिमंडळात मंत्री राहिलेल्या न्या. कृष्ण अय्यर यांनी तो निकाल लिहिला. पगारी माणसे ठेवून पद्धतशीर काम चालविणारी सेवाभावी संस्थाही त्यात आली. तिचा कर्मचारी औद्योगिक विवाद कायद्याचा आधार घेऊ शकला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेने पूर्णतः वा मुख्यतः धर्मादाय, सामाजिक वा परोपकारी सेवा करणाऱ्या संघटनांच्या संस्था उद्योगाच्या व्याख्येतून वगळल्या आहेत. एका हाताने व्यावसायिक परिषदेची स्वप्ने दाखविली जात असताना दुसऱ्या हाताने ही दारे बंद झाली, आणि परिषदेची मागणी करणाऱ्यांच्या चर्चेत हा विषय क्वचितच ऐकू येतो.

बवान्यात एखाद्या संस्थेची पदव्युत्तर पदवीधर कार्यकर्ती अंगणवाडीच्या दारात बसून सेविकेकडून मुलांची यादी उतरवून घेते, तेव्हा एकीला कायदा मानसेवी म्हणतो आणि दुसरीला परोपकारी संस्थेची सेवक. अंगणवाडी सेविकांच्या संघटनांपाशी संपाचा अनुभव आहे, पदवीधर कार्यकर्तीपाशी धोरणे आणि न्यायनिर्णय वाचण्याचे शिक्षण आहे. चार कामगार संहितांविरुद्धच्या मोहिमेची पत्रके वस्त्यांतून वाटली जातात; त्यांत गिरणी, गोदी, परिवहन, बांधकाम यांच्या पंक्तीला या दोघींचे नाव घालावयाचे, आणि पत्रक त्या अंगणवाडीच्या दारापर्यंत न्यावयाचे, एवढे काम दिल्ली, नोएडा, फरिदाबादच्या शाखांपुढे आहे.