सल्ला कोणाचा, जबाबदारी कोणाची?

मधुमेह, उच्च रक्तदाब, दमा, संधिवात यांसारख्या आजारांत रुग्ण वर्षभरात डॉक्टरांसमोर बसतो तो फार तर तासभर. बाकीचे दिवस त्याचे त्यालाच निभवावे लागतात. लग्नाच्या पंगतीत जिलेबीला नाही कसे म्हणायचे, रात्रपाळीत गोळी कधी घ्यायची, गुडघे दुखत असताना फिरायला कसे जायचे, हे प्रश्न औषधाच्या चिठ्ठीत मावत नाहीत. 'लाइफ कोच'ला मागणी येते ती याच पोकळीतून.

ही पोकळी लहान नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'आयसीएमआर-इंडियाब' अभ्यासानुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत आणि ३१ कोटींहून अधिक लोकांना उच्च रक्तदाब आहे. विकसित देशांतही दीर्घकालीन उपचार नीट पाळणाऱ्यांचे प्रमाण सरासरी निम्मेच असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्ये नोंदवले होते. म्हणजे औषध लिहून देणे हे निम्मेच काम. ते रोजच्या जगण्यात बसवायला सोबत लागते.

अशी सोबत उपयोगी पडते, याला पुरावा आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांवर अमेरिकेत झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. प्रशिक्षित मार्गदर्शकाच्या मदतीने आहार-व्यायाम सांभाळणाऱ्यांत मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले, तर मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ३१ टक्क्यांनी. स्टॅनफर्ड विद्यापीठात विकसित झालेल्या सहा आठवड्यांच्या कार्यक्रमात तर स्वतः दीर्घ आजार असलेल्या व्यक्तीच इतरांचे गट चालवतात. पण या दोन्ही ठिकाणी मार्गदर्शकांना प्रशिक्षण होते, अभ्यासक्रम ठरलेला होता आणि कामाची सीमाही आखलेली होती.

आपल्याकडे नेमका याच सीमेचा पत्ता नाही. संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठीच्या २०२१ च्या कायद्यात आहारतज्ज्ञ आहेत, मधुमेह प्रशिक्षकही आहेत. 'लाइफ कोच' मात्र त्या यादीत नाही. त्यामुळे ही पाटी कोणीही लावू शकतो. अनेक जण प्रामाणिकपणे काम करतात. काही जण मात्र 'तीन महिन्यांत औषधमुक्ती' विकतात. मधुमेह बरा करण्याचा दावा करणाऱ्या औषध-उपचारांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. तरी 'कोर्स'च्या वेष्टनात तोच दावा सर्रास फिरतो.

वजन घटल्यावर टाइप २ मधुमेहाच्या काही रुग्णांची औषधे कमी होतात, क्वचित थांबतातही. पण तो निर्णय तपासण्या पाहून डॉक्टरांनी घ्यायचा असतो. टाइप १ च्या रुग्णाने कोणाच्या सांगण्यावरून इन्शुलिन थांबवले, तर काही दिवसांतच जिवावर बेतते. अशा वेळी सल्ला देणाऱ्यावर जबाबदारी कोणती, हे कुठेच लिहिलेले नसते.

दुसरा धोका लगेच दिसत नाही. 'मनावर घेतले की सगळे जमते' हे वाक्य निरोगी माणसाला हुरूप देते. संधिवाताने सांधे सुजलेल्या बाईला ते दोष देते. आजार बळावला की तिला वाटते, आपणच कमी पडलो. दीर्घ आजारासोबत नैराश्यही अनेकांना गाठते. त्याला प्रेरणादायी भाषण नव्हे, मानसोपचार लागतात.

म्हणून पैसे भरण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. प्रशिक्षण कुठे झाले? माझ्या डॉक्टरांशी बोलाल का? आणि कोणती गोष्ट तुमच्या कक्षेबाहेरची आहे? तिसऱ्या प्रश्नाला 'काहीच नाही' असे उत्तर आले, तर तिथून उठावे.

खरा उपाय मात्र ग्राहकाच्या सावधपणावर सोडता येणार नाही. हजारो रुपयांचे कोर्स घेऊ शकणाऱ्यांनाच सोबत मिळावी, ही व्यवस्था न्याय्य नाही. आरोग्य केंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी, परिचारिका, आशा कार्यकर्त्या यांना यासाठी प्रशिक्षण, वेळ आणि मोबदला द्यावा. मधुमेही व रक्तदाबाच्या रुग्णांचे गट गावोगावी चालवावेत. रुग्णाची सोबत हा उपचाराचाच भाग आहे. ती सरकारी आरोग्य केंद्रात मिळाली पाहिजे.